‘परवडत नसेल तर पाळू नये’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

मराठवाड्यातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा की, ज्याला कुत्र्यामांजराचे औषधपाणी परवडत नाही त्याने ते पाळू नये. पाळले असेल तर प्राण्यांच्या निवाऱ्यात नेऊन द्यावे. अशा लोकांसाठी वर्गणी काढणे म्हणजे बेजबाबदारपणाला खतपाणी घालणे होय. आणि जिथे माणसांनाच औषध मिळत नाही तिथे कुत्र्यांचे लाड कशाला? हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची सुशिक्षित, प्राण्यांवर माया करणारी माणसेही आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान परवडण्याचे. परवडणे ही माणसाची कायमची अवस्था आहे, असे या विधानात गृहीत धरले आहे. शेतात किंवा वाडीवस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाला कुत्र्याची रोजची भाकर जड होत नाही. ती वर्षानुवर्षे घातली जाते. जड होते ते अचानक आलेले आजारपण. पिल्लाला पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला की उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते, चार-पाच दिवस सलाईन लावावे लागते आणि खाजगी दवाखान्याचा खर्च काही हजारांवर जातो. सालगड्याकडे किंवा मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडणाऱ्या ऊसतोड कामगाराकडे ही रक्कम त्या आठवड्यात नसते, एवढाच त्याचा अर्थ. त्याच पिल्लाला दीड-दोन महिन्यांचे असताना लस टोचायला सुरुवात केली असती, तर बहुधा ही वेळच आली नसती.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर कुत्रीही जातात. उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, मुले झोपलेली असताना राखण तीच करतात. माझ्याकडे लसीची चौकशी करायला आलेली एक मावशी म्हणाली होती, “त्याला कुठं टाकायचं न्हाई, निस्तं औषधाचं बघा.” या बाईला बेजबाबदार म्हणणे मला जमत नाही.

२०१३, २०१६ आणि २०१९ च्या दुष्काळांत आपल्या भागात सरकारी खर्चाने चारा छावण्या चालल्या. चारा परवडत नाही त्याने बैल पाळूच नये, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. जनावर मालकाकडेच राहावे आणि कठीण महिने निघून जावेत, हाच छावणीचा हेतू होता. बैलावर पोट चालते आणि कुत्र्यावर चालत नाही, हा फरक मला मान्य आहे. म्हणून कुत्र्यासाठी छावणीएवढा खर्च कोणी मागतही नाही. पण अडचणीच्या काळात जनावर मालकापासून तोडू नये, हे तत्त्व आपण आधीच स्वीकारलेले आहे.

दुसरे विधान निवाऱ्याचे. मराठवाड्यातील बहुतेक तालुक्यांत असा निवारा नाही. मोठ्या शहरांत जिथे काही सोय आहे तिथेही मोठे झालेले गावरान कुत्रे दत्तक घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही आणि दाटीच्या जागेत पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारखा संसर्गजन्य आजार झपाट्याने पसरतो. त्यामुळे ‘निवाऱ्यात द्या’ या सल्ल्याचा प्रत्यक्षातील अर्थ मोंढ्यात किंवा हमरस्त्यावरच्या ढाब्यापाशी सोडून द्या, असा होतो. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच आहे, म्हणजे त्या धाकाने कोणी थांबेल अशी आशा ठेवता येत नाही.

मदतीने बेजबाबदारपणा वाढतो, हे तिसरे विधान. मारिया डिकिन यांनी १९१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत तळघरात मोफत पशुदवाखाना सुरू केला. त्यातून उभी राहिलेली संस्था आज शंभर वर्षांनंतरही गरजू मालकांच्या जनावरांवर उपचार करते. जनावर उपचाराला घेऊन येणे हीच जबाबदारीची खूण आहे. ज्याला पर्वा नसते तो दवाखान्याची पायरी चढत नाही. शिवाय मदत नसबंदीशी जोडता येते. नसबंदी न केलेल्या कुत्रीला वर्षातून साधारण दोनदा माज येतो आणि वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका राहतो. ती तातडीची शस्त्रक्रिया वेळेत केलेल्या नसबंदीपेक्षा कितीतरी महाग पडते. दिखाव्यासाठी इथल्या उन्हाळ्यात हस्कीसारखे थंड प्रदेशातले कुत्रे आणणाऱ्याला वर्गणीतून पैसे देऊ नयेत, हे मलाही मान्य आहे.

माणसे आधी, हे चौथे विधान ऐकायला रास्त वाटते. पण रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो. चावलेल्या माणसाला लसीचे चार-पाच डोस घ्यावे लागतात, जखम खोल असेल तर सीरमही द्यावे लागते, आणि दर वेळी मजुरी बुडवून सरकारी रुग्णालय गाठावे लागते. कुत्र्याला वर्षातून एकदा टोचायची लस काही शे रुपयांची असते. येथे व्यवस्थेतील एक विसंगतीही लक्षात घ्यावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, तर मोकाट कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे. म्हणजे गरीब मालकाने कुत्रे घरात ठेवले तर त्याला मदत नाही आणि रस्त्यावर सोडले की तोच खर्च सार्वजनिक पैशातून करायचा.

मदत कशी करावी, याबद्दल माझे मत असे की पैसे मालकाच्या हातात न देता डॉक्टरांचे बिल थेट भरावे आणि मालकानेही जमेल तेवढा, पन्नास रुपयांचा का होईना, वाटा उचलावा. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांपर्यंत आजारी जनावर नेण्यासाठी गाडीभाडे दिले, तरी पुष्कळ काम होते. लसीकरणाची शिबिरे दसऱ्यापूर्वीच घ्यावीत, कारण दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघून गेल्या की ती कुत्री पुढचे चार-पाच महिने गावात सापडणार नाहीत.