२०४८ साली समुद्र रिकामा होणार, असं सांगणारा फॉरवर्ड

आषाढ संपत आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास उगवतो: ‘२०४८ पर्यंत समुद्रात एकही मासा उरणार नाही. आंतरराष्ट्रीय करार म्हणजे कागदी घोडे, भर समुद्रात चोर पकडणार कोण? शाश्वत मासेमारी हे थोतांड आहे, मासे खाणं सोडा.’ शाकाहारी मंडळी तो समाधानाने पुढे ढकलतात, आणि गटारीचा बेत आखणारे म्हणतात, ‘बघा, आहेत तोवर खाऊन घ्या!’

आधी ते साल. २००६ मध्ये सागरी शास्त्रज्ञ बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला. एखाद्या माशाची वार्षिक पकड आजवरच्या सर्वोच्च पकडीच्या दहा टक्क्यांखाली गेली, की त्या माशाचा समुद्रातला साठा ‘कोसळला’ असं त्यात धरलं होतं. अशा साठ्यांचा आलेख तसाच पुढे ओढला की तो २०४८ मध्ये शंभर टक्क्यांना टेकतो. पण सरकारने कोटा, म्हणजे पकडीची ठरवून दिलेली मर्यादा, कापला तरी पकड घटतेच, म्हणजे समुद्रात मासे वाढत असतानाही साठा कागदावर ‘कोसळलेला’ दिसू शकतो. वर्म यांच्यावर कडाडून टीका करणाऱ्यांत मत्स्यशास्त्रज्ञ रे हिलबॉर्न होते. पुढे दोघे एकत्र बसले आणि २००९ मध्ये ‘सायन्स’मध्येच त्यांचा संयुक्त निबंध आला: बारकाईने अभ्यासलेल्या दहा सागरी परिसंस्थांपैकी पाचांत मासेमारीचा दाब कमी होत होता. फॉरवर्ड मात्र २००६ मध्येच अडकून पडलाय.

म्हणजे सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२५ च्या आढाव्यानुसार ३५.५ टक्के साठ्यांवर अतिमासेमारी होते. १९७४ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. प्रश्न गंभीर आहेच, पण ‘एकही मासा उरणार नाही’ हे काही त्याचं उत्तर नव्हे.

‘थोतांड’वाल्यांनी अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूनाकडे बघावं. २००७ मध्ये पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रासाठी कोटा होता २९,५०० टन, आणि शास्त्रज्ञांच्या अंदाजाने खरी पकड त्याच्या दुपटीच्या घरात. मग पकडीची कागदपत्रं सक्तीची झाली, ओरड झाली तरी कोटा २०११ पर्यंत १२,९०० टनांवर आणला गेला. २०२१ मध्ये हा मासा धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. (पश्चिम अटलांटिकमध्ये त्याची अवस्था अजून वाईट आहे, हेही सांगायला हवं.)

आता ‘पकडणार कोण?’ हा प्रश्न. दक्षिण महासागरात टूथफिश हा महागडा मासा चोरणारं ‘थंडर’ नावाचं जहाज नावं आणि झेंडे बदलत फिरायचं. इंटरपोलने २०१३ मध्ये त्याच्याबद्दल नोटीस काढली होती. ‘सी शेफर्ड’ या संस्थेच्या जहाजांनी ११० दिवस त्याचा पिच्छा पुरवला आणि एप्रिल २०१५ मध्ये ते आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ तोमे बेटाजवळ बुडालं. पाठलाग करणारे बुडत्या जहाजावर चढले, तर एरवी बंद करायची दारं उघडी बांधून ठेवलेली! पुरावा बुडवायचा बेत असावा, असा संशय त्यांना तिथेच आला. कप्तान आणि दोन अधिकाऱ्यांना साओ तोमेच्या कोर्टात शिक्षा झाली.

पण असे पाठलाग म्हणजे अपवाद. चोराला खरी अडचण बंदरात येते, कारण मासळी शेवटी कुठेतरी उतरवावीच लागते. २०१६ पासून लागू असलेल्या बंदर-राज्य उपाययोजना कराराची सगळी मदार यावरच आहे: संशयित परदेशी जहाजाला धक्क्यावर लागू द्यायचं नाही, किंवा लागलं तर तपासायचं. युरोपीय संघाने बाजाराचं दार वापरलं. २०१५ मध्ये थायलंडला ‘पिवळं कार्ड’, म्हणजे सुधारा नाहीतर मासळी घेणार नाही असा इशारा, दाखवलं, निर्यात धोक्यात आली, कायदे बदलले, आणि २०१९ मध्ये कार्ड मागे घेतलं गेलं.

कागदी घोड्यांचा टोमणा जिथे थोडा लागू पडतो, ती जागा फॉरवर्डला माहीतच नाही. बेकायदा मासेमारीला सरकारी अनुदान देऊ नये, एवढं ठरवायला जागतिक व्यापार संघटनेला २००१ ते २०२२ इतका काळ लागला. तो करार सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला, तेव्हा भारत त्यात नव्हता. भारताचं म्हणणं असं, की दूरच्या समुद्रात ताफे पाठवणाऱ्या श्रीमंत देशांना आणि आपल्या लहान मच्छीमारांना एकाच मापाने मोजू नका. विकसनशील देशांना पंचवीस वर्षं द्या. यातली पहिली मागणी मला रास्त वाटते, पंचवीस वर्षं जास्त वाटतात. शिवाय अतिक्षमतेच्या, म्हणजे गरजेपेक्षा मोठे ताफे पोसणाऱ्या, अनुदानांवर पुढचे नियम चार वर्षांत ठरले नाहीत, तर सदस्यांनी वेगळा निर्णय घेतल्याशिवाय हा करारच संपेल, असं कलम त्यात आहे.

राहिलं ‘मासे सोडा’. ज्याला सोडायचे त्याने खुशाल सोडावेत. पण जून-जुलैची बंदी संपल्यावर गणेश पेठेच्या मासळी बाजारात जाणाऱ्याच्या हातात एक सोपी गोष्ट आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०. तळहाताएवढी पापलेटं ‘स्वस्तात पडतात’ म्हणून पिशवीत टाकली, की अशी पिल्लं पुन्हा पकडायला बोटीवाल्याला गिऱ्हाईक मिळतं. मोजायला फूटपट्टी लागत नाही, नजर पुरते. आणि विक्रेत्याला ‘एवढी लहान नकोत, मोठी दाखवा’ म्हटलं, तर तो चिडत नाही. मोठ्याचा भाव मात्र सांगतो.