कुंभारजुव्याचा कालवा आणि अंतराळयान

परवा शनिवारी गोव्यात, फोंड्याच्या आमच्या घरी आठ-दहा जण जमलो. भिंतीवर पांढरी चादर, शेजाऱ्यांकडून आणलेला प्रोजेक्टर, बाहेर धो धो पाऊस. सिनेमा स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी'. साल १९६८, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या वर्षभर आधीचा.

वीस मिनिटं झाली तरी पडद्यावर फक्त आदिमानव. भाचीने विचारलं, "मामा, हे उलयतले केन्ना?" पहिला संवाद यायला जवळजवळ २५ मिनिटं लागतात, तेवढं थांब, म्हटलं. ती थांबली. पण मध्यंतरात एक जुना मित्र म्हणाला, "भारी आहे रे, पण कुणीतरी अर्धा तास कापायला हवा होता." ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

कापलाय तो. पहिल्या खेळांनंतर खुद्द कुब्रिकनेच जवळपास १९ मिनिटं काढून टाकली. उरलंय ते ठेवायचं म्हणून ठेवलेलं आहे.

माझे बाबा बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर, कामाला होते. आमोण्याहून खनिज भरायचं आणि मुरगावच्या बंदरात नेऊन ओतायचं. पावसाळ्यात मांडवी नदीचं मुख बंद, म्हणून कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरायचं. लहानपणी मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलोय. भरलेली बार्ज त्या चिंचोळ्या पाण्यातून जाताना काठावरची खारफुटी इतकी हळू मागे सरकते की आपण थांबलोय असंच वाटतं. पण थांबवायची म्हटली तर ती थांबत नाही. इंजिन बंद केल्यावरही पुढे जातच राहते, आणि वळायचं असेल तर वळणाच्या कितीतरी आधी ठरवावं लागतं. मोठ्या वस्तूचं वजन डोळ्यांना असं वेळातूनच कळतं.

सिनेमात यान फिरत्या अंतराळस्थानकाला जाऊन भिडतं, तो प्रसंग आठवा. स्ट्राउसचा वॉल्ट्झ वाजतोय, स्थानक गोल फिरतंय, यानही त्याच गतीने स्वतःभोवती फिरत फिरत जवळ येतंय. अर्धा तास कापणारे पहिली कात्री इथेच लावतील. परवा बाबाही बघायला बसले होते, तोवर एक शब्द बोलले नव्हते. तिथे हळूच म्हणाले, "आतां ताणें इंजीन बंद केलां." चंद्र-तारे, कथा, अर्थ यांत त्यांना रस नव्हता, पण वजन त्यांनी बरोबर ओळखलं. तो प्रसंग दहा सेकंदांत उरकला असता तर ती यानं खेळण्यातली वाटली असती.

आणि ती शांतता! पोकळीत आवाज जात नाही, हे शाळेत सगळेच शिकतात. तरी कितीतरी सिनेमांत अंतराळात धडाम-धुडूम चालूच असतं. इथे अंतराळवीर बाहेर पडला की फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. बाहेर पाऊस कोसळत असताना आमच्या खोलीत सगळे तो श्वास ऐकत होते.

खरा जीव मात्र हॅलमध्ये आहे. हॅल ९००० म्हणजे यानाचा संगणक, एक लाल डोळा आणि अत्यंत सभ्य आवाज. तो माणसं मारतो, आणि तरीही वाचलेला अंतराळवीर बोमन त्याची स्मृती एकेक करून काढायला लागतो तेव्हा आपला जीव त्याच्यासाठी तुटतो. मला भीती वाटते, माझं मन जातंय, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. मग 'डेझी बेल' गायला लागतो आणि त्याचा आवाज खाली खाली जातो. १९६१ साली बेल लॅब्जमध्ये आयबीएमच्या संगणकाकडून हेच गाणं गाऊन घेतलं होतं. संगणकाच्या बालपणीचं गाणं त्याच्या मरणाच्या वेळी त्याच्याच तोंडी! हे ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत. आणि हे मरणसुद्धा घाईने दाखवलेलं नाही. भाचीने तेव्हा माझा हात घट्ट धरला होता.

शेवटाचा अर्थ काय, यावर चाहते अजून भांडतात. भांडोत. मला त्या कोड्याची फारशी ओढ नाही. तो म्हातारा बोमन, ती पांढरी खोली, मला बघायला पुरेशी आहे.

त्या मित्राला पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलंय. तो "येतो" म्हणालाय. या वेळी त्याची खुर्ची बाबांच्या शेजारी.