श्वेत बटूवरचं लोखंड त्याचं स्वतःचं नाही

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मेलेल्या ताऱ्यांवर लोखंड, कॅल्शियम सापडतं ती त्या ताऱ्याचीच राख. फार तर तारा फुगताना त्यानं गिळलेले ग्रह. फुटलेल्या ग्रहांचा मलबा ही नुसती कल्पना, प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नाही.’

आधी राखेचं बघू. सूर्यासारखा तारा कार्बन-ऑक्सिजनपर्यंतच पोचतो, लोखंड बनवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. जन्मापासून अंगात असलेलं लोखंडही वर टिकत नाही. असा तारा मेल्यावर उरणारा दाट गाभा म्हणजे श्वेत बटू: आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून जरा जास्त, पृष्ठभागावरचं गुरुत्व पृथ्वीच्या लाखपट. तर्रीचा गंज ढवळायचं थांबलं की चणे तळाला जातात आणि तवंग वर राहतो, तसंच इथे जड मूलद्रव्यं बुडतात. हायड्रोजनचं वातावरण असलेल्या उष्ण श्वेत बटूत हे काही दिवसांत होतं, हेलियमच्या थंड श्वेत बटूत लाखो वर्षं लागतात. ताऱ्याचं वय मात्र कोट्यवधी, कधी अब्जावधी वर्षांचं. तेव्हा वर लोखंड दिसतंय म्हणजे ते कोणीतरी आत्ताच ओतलंय.

एक सूट देतो. काही थंड, हेलियमवाल्या श्वेत बटूंत कार्बन खरंच आतून वर येतो. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोखंड मात्र तसं येत नाही, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण बहुतेक वेळा पृथ्वीसारख्या खडकाशी जुळतं.

गिळलेल्या ग्रहांचा मुद्दा याच हिशेबात बाद होतो. ते गिळले गेले तारा फुगून तांबडा राक्षस झालेला असताना, म्हणजे श्वेत बटू होण्याआधी. तो माल केव्हाच तळाला गेला. मलबा येतो तो वाचलेल्यांकडून. मरताना तारा जवळपास निम्मं वस्तुमान उधळतो, पकड सैल होते, कक्षा रुंदावतात. उरलेला एखादा मोठा ग्रह लघुग्रहांना ढकलत राहतो. एखाद्याची कक्षा लांबट होऊन तो ताऱ्यापासून साधारण सूर्याच्या त्रिज्येएवढ्या अंतरात शिरला, की भरती-ओहोटीचं बल त्याच्या चिंध्या करतं. त्यांची तबकडी बनते, आणि तिच्या आतल्या काठावरून वायू ताऱ्यावर पडत राहतो. आपल्या सूर्याचीही पाळी येईल, पण पाचेक अब्ज वर्षांनी. तोवर राजेहो, निवांत.

राहिलं ‘कोणी पाहिलेला नाही’. व्हॅन मानेन यांचा तारा हा एक श्वेत बटू. त्याचा वर्णपट (रंगांत फोडलेला प्रकाश) १९१७ सालीच घेतला होता आणि त्यात कॅल्शियमच्या रेषा होत्या, अर्थ कळायला दशकं गेली. जी २९-३८ या श्वेत बटूभोवतालच्या धुळीची अवरक्त ऊब १९८७ मध्ये सापडली. त्याच ताऱ्यावर मलबा आदळताना निघणारे क्ष-किरण चंद्रा दुर्बिणीनं टिपले, ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीला कन्या राशीतल्या डब्ल्यूडी ११४५+०१७ या श्वेत बटूसमोरून साडेचार तासांच्या फेऱ्या मारणारे फुटते तुकडे सापडले. पुढे जमिनीवरच्या दुर्बिणींनी पाहिलं, तर त्यांच्या धुळीनं ताऱ्याचा उजेड कधी कधी ४० टक्क्यांनी घटत होता.