‘वाळकी लाकडे जाळली तर काय बिघडते?’ : नागपूरभोवतीच्या जंगलातील मुक्कामाविषयी एका संदेशाला उत्तर

थंडी पडू लागली की नागपूरच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक लांबलचक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा आहे : जंगल सरकारचे म्हणजे जनतेचे, तेव्हा व्याघ्रप्रकल्पाचे फाटक टाळून बाहेरच्या जंगलात कोणीही तंबू ठोकून राहू शकतो, वाळकी लाकडे जाळल्याने काहीही बिघडत नाही, उलट शेकोटीमुळे जनावर जवळ येत नाही, अन्नाचा कचरा मातीत मिसळून खत होते, आणि अमेरिकेत तर लोक सर्रास असेच राहतात. मी स्वतः बरीच वर्षे उघड्यावर मुक्काम करत आलो आहे, त्यामुळे या संदेशामागची हौस मला कळते. परंतु त्यातील विधाने एकामागून एक तपासली, तर बहुतेक चुकीची आणि एखाद-दुसरे जिवावर बेतणारे आहे.

आधी मालकीचे पाहू. जंगल जनतेचे आहे, एवढ्यावरून तेथे मुक्काम करण्याचा हक्क निघत नाही. महानगरपालिकेची पाण्याची टाकीही जनतेचीच असते, पण म्हणून तिच्यात कोणी पोहायला उतरत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे, आणि वनाधिकाऱ्याने मुभा दिलेला काळ सोडून आग पेटवणे किंवा विस्तव सोबत नेणे हाही गुन्हाच आहे. अभयारण्यात कोणाला प्रवेश आहे आणि कोणत्या कारणासाठी परवाना मिळतो, हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ आणि २८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. ‘फाटक टाळून’ हा सल्ला तर विशेष घातक आहे, कारण उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याला काही तटबंदी नाही. शेत संपते, धुरा ओलांडला जातो आणि माणूस अभयारण्यात उभा असतो, तरी त्याला ते कळत नाही.

‘मग ओसाड झुडपांच्या जमिनीवर तरी राहू’ असे कोणी म्हणेल. विदर्भातील ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनी या वनजमिनीच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केले आहे. काही गावांच्या वनांवर २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेचे सामूहिक हक्क आहेत, आणि तेथे तर गावाला न विचारता तंबू ठोकणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात खाट टाकण्यासारखे आहे.

आता वाळक्या लाकडांकडे येतो, कारण संदेशातील सर्वांत गोड वाटणारे आणि सर्वांत धोकादायक विधान हेच आहे. आपल्याकडचे जंगल मुख्यतः सागाचे आणि पानझडीचे. हिवाळा सरता सरता साग पाने टाकू लागतो, आणि पापडासारखी वाळलेली ती मोठी पाने घोट्यापर्यंत साचतात. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो आणि त्यासाठी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, आधीच साफ करून ठेवतो. मोहफुले वेचताना झाडाखालचा पाचोळा जाळण्याच्या प्रथेमुळे वणवे लागतात, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. परंतु तेवढ्यावरून शहरातल्या माणसाची शेकोटी निर्दोष ठरत नाही. मोह वेचणाऱ्या बाईला निदान वारा कुठून येतो आणि नाला कुठे आहे हे ठाऊक असते.

शेकोटी विझवली म्हणजे ती विझली, हा समज माझाही होता. रामटेकच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वावरात डिसेंबरमध्ये आम्ही चौघे राहिलो होतो. झोपण्यापूर्वी शेकोटीवर मी पाण्याची एक अख्खी बाटली ओतली, वर माती लोटली आणि समाधानाने तंबूत शिरलो. पहाटे शेतमालक आले, त्यांनी तुराटीने राख उकरली, आणि राखाडी थराखाली बोटभर लांबीचा लालभडक निखारा निघाला. माती टाकल्याने विस्तव मरत नाही, तो झाकला जातो. पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी ओतून, शेवटी हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री होईपर्यंत शेकोटी विझली असे म्हणू नये, हे मी त्या दिवशी शिकलो. तेथे नांगरलेली जमीन होती म्हणून निभावले. तोच निखारा सागाच्या पाचोळ्यात असता, तर सकाळच्या पहिल्या वाऱ्याने काय केले असते हे सांगायला नको.

राहता राहिले ‘वाळके म्हणजे निरुपयोगी’ हे गृहीतक. पडलेल्या खोडात वाळवी आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, त्यांवर सुतारपक्षी आणि अस्वल जगतात, आणि जवळच्या गावातील चूलही अनेकदा त्याच सरपणावर पेटते. शिवाय कायद्याच्या दृष्टीने ते वनोपज आहे, फुकटचे जळण नव्हे.

शेकोटीमुळे जनावर येत नाही, या समजुतीवर रात्र काढणे शहाणपणाचे नाही. आग सोडून माणूस झोपला की राहतो तो केवळ धूर. फाटकाबाहेर वाघ नसतो, हेही खरे नाही. ‘जय’ नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ मध्ये नागझिरा अभयारण्यातून शेते, रस्ते आणि नद्या ओलांडत उमरेड-करांडल्यात पोहोचला होता. २०१९ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या मिहान या औद्योगिक परिसरात वाघाचा वावर आढळला, आणि २०२१ मध्ये बिबट्या थेट नागपूर शहरातील वस्तीत फिरून गेला.

तथापि, वाघाची भीती दाखवून मला कोणाला घाबरवायचे नाही. जमिनीवर झोपणाऱ्याला खरा धोका मण्यारीचा आहे. ती रात्री हिंडते, उबेला अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश इतका सौम्य असतो की झोपलेल्या माणसाला मुंगी चावल्यासारखे वाटते. सूज नाही, फारशी वेदना नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि तोवर मोलाचे तास निघून गेलेले असतात. अशा वेळी कापणे, चोखणे किंवा घट्ट बांधणे यांत वेळ न घालवता, रुग्णाला चालू न देता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात, म्हणजे आपल्याकडे मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत, पोहोचवणे हाच मार्ग आहे. म्हणून तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू ही चैन नाही. पावसाळ्यानंतरच्या गवतात लोळण्याविषयीही असेच : २०१८ मध्ये नागपूर आणि परिसरात स्क्रब टायफसची साथ आली होती, आणि तो आजार गवता-झुडपांतील चिगर माइटच्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळ्यांमुळे पसरतो.

‘जैविक कचरा खत होतो’ या विधानात अर्धे सत्य आहे. संत्र्याची साल जैविक आहे, पण तिच्यातील तेलामुळे ती सहजी कुजत नाही. वाळून चामड्यासारखी होते आणि पुढच्या माणसाला जशीच्या तशी सापडते. सावजी मटणाची हाडे आणि तेलकट रस्सा टाकला, तर कुत्री आणि रानडुकरे त्या जागेची वाट शिकतात. शौचाविषयी संदेशात एक अक्षर नाही, याचे मला नवल वाटले. पाण्यापासून किमान ६० मीटर दूर आणि सहा ते आठ इंच खोल खड्डा, हे जगभर शिकवले जाणारे माप आहे; मात्र आपली काळी माती हिवाळ्यात दगडासारखी होते, तेव्हा खुरपे नेले नाही तर खड्डा होतच नाही. पेंच नदीचे पाणी शेवटी नागपूरकरांच्याच नळाला येते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

उरला अमेरिकेचा दाखला. तेथील राष्ट्रीय वनांपैकी बऱ्याच भागांत असा मुक्काम चालतो, हे बरोबर आहे. पण तो लेखी नियमाने चालतो, साधारणपणे १४ दिवसांची मर्यादा असते, आणि कोरड्या हंगामात अनेक ठिकाणी शेकोटीवर सरसकट बंदी येते. तेथे नियम मुभा देतो आणि येथे तो मनाई करतो. तेव्हा तेथील उदाहरण येथे परवाना म्हणून दाखवता येत नाही.

ज्यांना खरोखर उघड्यावर राहायचे आहे, त्यांच्यासाठी नागपूरभोवती वाट बंद नाही. पेंच व्याघ्रप्रकल्पातील सिल्लारीसारख्या ठिकाणी वन विभागाच्या व्यवस्थेत मुक्काम करता येतो, आणि पेंच हे २०२४ पासून भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेले उद्यान, असल्याने आकाश पाहण्यासाठी तरी शेकोटीची गरज नाही, उलट ती आडच येते. त्याहून साधेपणा हवा असेल, तर जंगलाच्या काठावरील शेतकऱ्याला विचारावे, त्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला आधी कळवावे आणि कापणी झालेल्या मोकळ्या वावरात राहावे. आपल्याकडे गोवऱ्यांवर रोडगे भाजायला शेतातच तर जातात. तो विस्तव शेतमालकाच्या नजरेखाली पेटतो, आणि सकाळी राख उकरून पाहायलाही तेच येतात.