गोधडीला पोट सुटतं तेव्हा

घरात कुणाला सातवा लागला की मला फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काकू, काही नाही, सहज केला." दुसऱ्या वाक्यात गोधडी येते.

बाळाच्या आधी बाळाचं काही आणू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पाळणा नको, झबली नकोत, खुळखुळ्याचं तर नावच काढू नका. पण हौस तोवर काठोकाठ भरलेली असते, ती कुठून तरी सांडणारच. मग घरातल्या एखाद्या कायदेपंडिताच्या लक्षात येतं की नियम 'आणू नये' एवढाच आहे, 'शिवू नये' असा नाही. त्यातून कापड जुनं असलं की ते आणलेलंही नाही आणि नवंही नाही. या पळवाटेतून आजवर किती गोधड्या, दुपटी आणि कुंच्या बाहेर पडल्या असतील, देव जाणे. कोल्हापूर-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. पळवाट तीच.

आता कापड. प्रत्येक घरात आजीचं एक लुगडं असतं आणि त्याच्यावर किमान तीन जणींचा हक्क असतो. तो वाद मी सोडवत नाही. माझं काम लुगडं हातात आल्यावर सुरू होतं.

कापड सुती आहे की नाही हे हाताला कळतं, असं सगळ्यांना वाटतं. कळत नाही. कडेचा एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि निरांजनाच्या ज्योतीवर न्या. कागदासारखा जळला, वासही जळक्या कागदाचा आला आणि बोटांत चुरल्यावर राख झाली, तर सुती. वितळून काळी टणक गोळी झाली, तर पॉलिएस्टर. मिश्र धाग्याचं दोन्ही होतं, थोडी राख आणि थोडी गोळी. ही परीक्षा सासूबाई देवळात गेल्या असताना उरकावी. कारण "प्युअर कॉटन आहे गं, माझ्या बस्त्यातली" असं सांगून जी साडी पुढे येते, नेमकी तिचीच गोळी होते. त्यानंतर आठवडाभर घरात कुणी कापडाविषयी बोलत नाही. पण इथे भीड बाळगून चालत नाही. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, आणि बाळाच्या गोधडीला जन्मभर दुसरं काम नाही.

सुती निघालं की रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. जुन्या लुगड्यांत वर्षानुवर्षांची खळ असते. ती राहिली तर सुई अडते आणि पुढे कसर लागते. लाल किंवा हिरव्या कापडावर ओला पांढरा रुमाल दोन मिनिटं दाबून धरा. रुमाल रंगला तर ते कापड बाद, कारण रंग फक्त रुमालालाच लागतो असं नाही. जरीचे काठ कापून टाका, बाळाच्या कातडीला ते काथ्यासारखे बोचतात. पाचवारी असेल तर फॉल उसवा. फॉलचं कापड वेगळं असतं आणि वेगळ्याच हिशेबाने आटतं. तो आत राहिला की त्या बाजूला गोधडी कायमची नाक मुरडून बसते.

मग लुगडं खिडकीच्या उजेडात धरा. काष्ट्याची जागा आधी विरते, तिथे कापडाची जाळी झालेली दिसेल. ते तुकडे आतल्या थरांना ठेवायचे. धड तुकडे वर आणि खाली.

हिशेब इंचांत करते, कारण टेप माझी आहे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. पन्ना साधारण ४५, काठ काढले की ४०. बाळाची गोधडी तयार झाल्यावर ३६ बाय ४२ हवी, म्हणून कापताना प्रत्येक थर ४० बाय ४५ घ्यायचा. टाके घालताना कापड गोळा होतं, त्यात ते जादाचे इंच जातात. लुगड्याचे असे बरोबर सात तुकडे पडतात आणि नऊ इंच उरतात. चार थरांची गोधडी, तिला चौघडीही म्हणतात, आणि उरलेल्या तीन तुकड्यांची दुपटी. शिल्लक नऊ इंचांतून चारी कडांची पट्टी निघेल असं प्रत्येक हुशार माणसाला वाटतं. कडांचा घेर १५६ इंच. सव्वादोन इंची चार पट्ट्या काढल्या तर १६० इंच मिळतात खरे, पण सांधे आणि कोपऱ्यांच्या घड्या धरल्या की दहा इंच कमी पडतात. दर वेळी पडतात. पट्टीला एक ब्लाउजपीस आधीच बाजूला ठेवा. फक्त तो गुलाबी किंवा निळा नको. आपल्याकडे १९९४च्या कायद्यामुळे मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही, आणि डोहाळजेवणात वाटीखालून पेढा निघाला की बर्फी, यावर रंग ठरवण्याइतकी ती पद्धत भरवशाची नाही. म्हणून पिवळा. आपल्या सगळ्या गोधड्या पिवळ्या का, याचं उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधू नये.

तुकडे कात्रीने कापू नका, फाडा. कडेला इंचभर चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी ओढायचं. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री मात्र दर वितीला वाट चुकते. अडचण आवाजाची आहे. आजीचं लुगडं टर्रकन फाटलं की स्वयंपाकघरातून कुणीतरी धावत येतं, दारात थबकतं आणि पदर डोळ्यांना लावतं. सात तुकडे आणि उरलेली नऊ इंची पट्टी, म्हणजे सात टरकन. शेवटच्या दोन वेळा सहसा कुणी येत नाही.

आता थर लावायचे. फरशी पुसून कोरडी करा, तळाचा तुकडा उलटा पसरा आणि चारी कोपरे चिकटपट्टीने फरशीला ताणून बसवा. वरचे थर एकेक करून ठेवताना प्रत्येक तुकड्याचा उभा धागा एकाच दिशेला आला पाहिजे. एक थर जरी आडवा पडला तरी धुतल्यावर तो वेगळ्या अंगाने आटतो. हे काम गुडघ्यांवर रांगत करायचं असल्यामुळे होणारी आई खुर्चीत बसून देखरेख करते आणि होणारे बाबा रांगतात. तसंही पुढे त्यांना रांगायचंच आहे.

आणि आता खरी मेख. कच्चा टाका मधून सुरू करून कडांकडे न्यायचा. मधून उभा, मधून आडवा, मग दोन्हीकडे वीत-वीत सोडून जाळी. बहुतेक जण उत्साहात कडेपासून गोल-गोल आत येतात, कारण जुन्या बायका गोधडी तशीच घालत. त्यांच्या हातांना थर दाबत जायची सवय होती, आपल्या हातांना मोबाइल धरायची आहे. कडेपासून आत आलं की प्रत्येक फेरीत वरचं कापड नखभर पुढे सरकतं, सगळी सैलाई मध्यभागी जमा होते आणि शेवटी तिथे छान गोल फुगवटा येतो. आमच्यात याला गोधडीला पोट सुटणं म्हणतात. सातव्या महिन्यातल्या बाईसमोर हा शब्द जपून वापरावा. सुटलेलं पोट इस्त्रीने बसत नाही, वरून टाके मारले तर चुण्या पडतात. मध्यापर्यंत उसवणं हा एकच इलाज, आणि उसवायला घालण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

कच्चा टाका झाला की धावदोरा. टाका पाव इंच, मधली जागा पाव इंच, दोन ओळींत अर्धा इंच. ४२ इंचांच्या एका ओळीत चौऱ्याऐंशी टाके, अशा एकाहत्तर ओळी. म्हणजे गोळाबेरीज सहा हजार टाके. दोरा सुती आणि जाड घ्या. नायलॉनचा घेतला तर तो जुनं कापड कापत जातो आणि दोन धुण्यांत ओळीच्या ओळी सुटतात. एका वेळी दोन फुटांहून लांब दोरा ओवायचा नाही, तो हमखास गुंततो. गाठीत आणि शेपटात जाणारा दोरा सोडला तर सुई जवळजवळ दीडशे वेळा ओवावी लागते. हे काम चाळिशीच्या आतल्या डोळ्यांकडे द्यावं. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की सुईच्या नाकात निमूट जातो. चार थरांत दाभण घालू नका, भोकं राहतात.

इथवर आलं की होणाऱ्या बाबांना शिलाई मशीन आठवतं. कपाटातून निघतं, तेलपाणी होतं आणि पहिल्याच ओळीला वरचा थर शेवटी बोटभर जास्त उरतो. कारण साधं आहे. खालचे दाते तळाचा थर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरच्या थराला अडवून धरतो. पायावरचा दाब कमी करून, १६ नंबरची सुई लावून आणि टाका मोठा करून थोडं निभतं. थर सरकू न देणारा वेगळा पाय मिळतो, तो असेल तर उत्तमच. पण मशीनच्या टाक्यांची गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. हाताच्या टाक्यात कापडाला थोडं हलायला जागा राहते, मऊपणा त्या जागेत असतो. या बाबतीत मी हट्टी आहे, आणि मशीन परत कपाटात जातं.

नुसते टाके दहा-बारा तासांचे. गप्पा धरून तीन आठवडे. शेजारची येते, दोन ओळी घालते आणि आपल्या बाळंतपणाची सविस्तर हकीकत सांगते. तिच्या ओळी नंतर ओळखू येतात, हकीकतीत जिथे अवघड वळण आलं तिथे टाके लांबलेले असतात. याच काळात कुणाला तरी वर हत्तीचं ठिगळ हवं असतं. लावा, पण डोळ्याला मणी किंवा बटण नको. बाळ ते तोडतं आणि गिळतं. डोळा दोऱ्यानेच भरा. सोंड लहान झाली की हत्ती मिक्सरसारखा दिसतो, तेवढं सांभाळा.

वापरण्याआधी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. चार थर आतून सावकाश वाळतात. बाळ आषाढ-श्रावणात येणार असेल तर तीनच थर घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशीही मध्ये ओलसर कुबट वास राहतो आणि घरात सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात.

शेवटची लढाई आजी विरुद्ध डॉक्टर. डॉक्टर म्हणतात, पहिलं वर्ष बाळाला सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा, भोवती उशी, गोधडी काही सैल ठेवू नका, तोंडावर आलं तर त्याला बाजूला सारता येत नाही. आजी म्हणते, आम्ही काय गोधडीत वाढलो नाही? मी डॉक्टरांच्या बाजूने आहे, पण हे मी आजीला सांगत नाही. तिला एवढंच सांगते की गोधडी जागेपणीची आहे, जमिनीवर पसरायची, बाळाने तिच्यावर पालथं पडायचं. आजीला जमिनीवर बसून बाळाकडे बघायला मिळतं, तिची तक्रार संपते.

आणि सुया. पहिल्या दिवशी मोजून बारा घ्यायच्या, रोज उठताना मोजून डबीत ठेवायच्या. शेवटच्या दिवशी त्या अकरा भरतात. अशा वेळी जुन्या स्पीकरमधलं चुंबक गोधडीवरून दोन्ही बाजूंनी, वीतभर सुटू न देता, सावकाश फिरवायचं. त्यावर सुई आली नाही तर ती गोधडीत नाही, सोफ्यात आहे. शोधायला होणाऱ्या बाबांना त्यावर बसवावं.