रुग्णाचं मंजूर पद एकच

दोन मैत्रिणींनी परदेशी जायचं ठरवलं की तिकिटं, व्हिसा, खिडकीची जागा कुणाची, पहाटेची पहिली आंघोळ कुणाची, सगळं आधी ठरतं. आजारी कुणी पडायचं हे मात्र कुणी ठरवत नाही. ते ठरवून घ्यावं, कारण प्रवासात रुग्णाचं मंजूर पद एकच असतं. जी आधी अर्ज करेल तिची नेमणूक. उरलेली आपोआप नर्स, हमाल, स्वयंपाकीण आणि खजिनदार.

शुभाने जपानमध्ये, क्योटोत रविवारी रात्री अर्ज केला. त्याच दुपारी फुशिमी इनारी या डोंगरावरच्या देवस्थानाच्या पायऱ्यांवर माझा पाय मुरगळला होता. त्या शेंदरी कमानींखालून सगळं जग फोटो काढत चालतं, खाली कुणी बघत नाही. डोंगर म्हणायला २३३ मीटरचा, पण सगळा पायऱ्यांचा. हॉटेलवर येऊन पाय उशीवर ठेवला आणि आता जरा मोकळेपणाने कण्हावं, एवढ्यात शेजारच्या पलंगावरून आवाज आला, "अगं, मला कणकण वाटतेय गं." झालं. पद भरलं.

मी लंगडत खाली जाऊन काउंटरवरून थर्मामीटर आणला. आकडा आला ३८.५.

"अडतीसच?" शुभा खट्टू झाली. आयुष्यभर एकशेएक, एकशेदोन असा भरघोस ताप काढलेली बाई ती. तिला हा सेल्सिअसचा कारभार अपमानास्पद वाटला. मी फोनवर हिशोब करून १०१.३ असं जाहीर केलं, तेव्हा कुठे तिने समाधानाने डोळे मिटले.

औषधांची पिशवी तिच्याकडेच होती. पण शुभा पडली कायद्याची. सुडोएफेड्रिनचं, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या औषधाचं, प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत, हे तिने निघायच्या आधी वाचलं आणि विषाची परीक्षा नको म्हणून सर्दी-तापाचं झाडून सगळं घरी ठेवलं. बिचारी क्रोसीनही त्यात गेली. पिशवीतून निघालं हिंगाष्टक, त्रिफळा, इसबगोल आणि कैलास जीवन. ताप सोडून सगळ्यावर इलाज.

औषधाच्या दुकानात लख्ख उजेड होता, पण काही औषधांच्या फळीवर पडदा ओढलेला. ती फक्त फार्मासिस्टच देऊ शकतो आणि तो घरी गेला होता. उघड्या फळीवरून पॅरासिटामॉल शोधलं, कपाळाला चिकटवायच्या गार पट्ट्या घेतल्या. मिठाच्या पाण्याच्या घड्या घालत रात्र काढलेल्या पिढीला हे थोडं फसवणुकीसारखंच वाटतं. शेजारी दुखऱ्या सांध्यांच्या पट्ट्यांची अख्खी भिंत होती. माझ्यासाठी एक पाकीट उचललं. खोलीवर येऊन घोट्याला लावते न लावते तोच शुभा म्हणाली, "त्या वासाने माझं डोकं उठलंय. बाथरूममध्ये जाऊन लाव ना."

बाथरूमला वीतभर उंचीचा उंबरठा होता. जपानी हॉटेलांत हे असतंच. मुरगळलेल्या पायाच्या अंगठ्याला त्याची ओळख झाली.

मग प्रश्न जेवणाचा. जपानमध्ये शाकाहारी माणसाचे धडधाकट असतानाच हाल, साध्या सुपातसुद्धा माशाचं पाणी. पण तिथल्या कॉम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, मला ओकायु मिळालं. तयार पाकिटातली तांदळाची पेज! आजाऱ्याला जपानी घरात हेच देतात, वर उमेबोशी नावाचं मिठात मुरवलेलं आंबटढाण फळ. मी विजयी मुद्रेने वाटी पुढे केली. शुभाने उमेबोशी माझ्याकडे सरकवलं, बॅगेच्या तळातून मेतकुटाची पुडी काढली आणि म्हणाली, "तूप नसेलच ना?"

रात्री एक वाजता फोन वाजला. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, आणि तिच्या घरची मंडळी जेवणं उरकून साडेनऊला निवांत झालेली. "मावशी, आईकडे लक्ष ठेवा हं. तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त." मग जाऊबाई, मग नणंद. काढ्याच्या कृती आल्या. गवती चहा क्योटोत कुठे मिळेल, यावर त्यांच्या आपसात चर्चा झाली. माझ्या घोट्याविषयी अवाक्षर नाही. तो तर आता दुधी भोपळ्याला लाजवत होता.

सोमवारी दवाखाना. नाकात काडी घालून तपासलं, इन्फ्लुएंझा ए निघाला. डॉक्टरांनी वजन विचारलं. शुभाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, आणि हळूच एक आकडा सांगितला.

"खरं सांग गं, औषधासाठी विचारतायत."

तिने आणखी सहा किलो कबूल केले. त्याने काही बिघडलं नाही, कारण मोठ्यांना ४० मिलिग्रॅमचा डोस ८० किलोच्या आत सगळ्यांना सारखाच. औषध होतं बालोक्साव्हिर, जपानमध्ये २०१८ साली मंजूर झालेलं, एकदाच घ्यायचं. हे ऐकून पेशंट नाराज. "सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर असं काही नाही? एकदा गिळलं की संपलं?" पण गुण आला. मला लागण झाली नाही. होणार कशी? जागा भरलेली!

ताप पूर्ण उतरल्यावर तिला नारा शहर बघायचंच होतं. तिथे हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात, बिस्किटासाठी मान लववून नमस्कारसुद्धा करतात. नमस्कार झाला की मात्र थेट पर्स. शुभाने "अगं बाई, किती गोड!" म्हणेपर्यंत एकाने तिच्या पर्समधून दवाखान्याची पावती ओढली आणि आमच्या डोळ्यांदेखत चावून गिळली. मी त्या पायाने जमेल तेवढी धावले, म्हणजे चार पावलं.

विम्याच्या दाव्याला नेमकी मूळ पावती लागते. तिथूनच हेल्पलाइनला फोन लावला. सगळी हकिकत ऐकून पलीकडचा मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हरणानेच खाल्ली याचा काही पुरावा जोडता येईल का?"

शुभाने फोन माझ्या हातात दिला आणि बाकावर टेकली. "तू बोल. मला अजून अशक्तपणा आहे."