कारादीची हॅट

"पाच-सहा वर्षांत वीसेक सिनेमे? याला करिअर नाही म्हणत, गिरणी म्हणतात," बंड्याने कटिंग संपवता संपवता निकाल दिला.

विषय मिल्याचा. रविवारी रात्री त्याने १९३९ चा 'हालालोश तावास' हा हंगेरियन सिनेमा पाहिला, आणि तेव्हापासून त्यातली नायिका कातालिन कारादी हिच्याशिवाय त्याच्या तोंडी दुसरं नाव नाही.

"पहिलाच पिक्चर बाईंचा. समोर पाल यावोर, म्हणजे तिकडचा तेव्हाचा मोठा हिरो. ती बोलायला लागली आणि मला वाटलं, स्पीकर बिघडला. आवाजच तसा! खालच्या पट्टीतला, दमदार. गायलीही त्याच आवाजात."

"आणि अभिनय?" अप्पांनी नेमकं बोट ठेवलं.

मिल्या चाचरला. "जरा ताठ आहे. चेहरा फारसा हलत नाही."

"म्हणजे ठोकळा!" बंड्या खूश.

"ठोकळ्यासाठी लोक तिकिटं काढत नाहीत बाबा," अप्पा म्हणाले. "तिकडे तेव्हा हलक्याफुलक्या विनोदी पिक्चरांचा सुकाळ. हिरॉइन गोड, खट्याळ, शेवटी लग्न. त्यात ही आली, पुरुषाला पार धुळीला मिळवणारी. पडद्यावर असं कुणी नव्हतंच."

"पण तिला चढवली त्या झोल्तान एग्येद नावाच्या पत्रकाराने, हे तूच सांगितलंस ना मिल्या? म्हणजे मार्केटिंग!"

खरं तर बंड्याला फक्त वाद हवा होता. मग मिल्याने १९४४ काढलं. मार्चमध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या, एप्रिलमध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, कारादीला उचललं. तिचं प्रेम इश्तवान उयसासीवर, तो हंगेरीच्या हेरखात्याचा बडा अधिकारी, तेवढं पुरलं. कोठडीत बेदम मारलं. सुटल्यावर हीच बाई डॅन्यूबच्या काठावर गोळ्या घालायला नेलेली ज्यू मुलं दागिने देऊन सोडवत होती, घरात लपवत होती. २००४ मध्ये इस्रायलच्या याद वाशेमने, म्हणजे ज्यूंच्या नरसंहाराच्या स्मारकसंस्थेने, तिचा मरणोत्तर गौरव केला.

कट्टा गप्प. बंड्या मात्र बंड्याच.

"बाई थोर, मान्य. पण म्हणून पिक्चर चांगला होतो का?"

मुद्दा बिनतोड होता. मी तसं म्हणालो, तर मिल्याने माझ्याकडे फितूर झाल्यासारखं पाहिलं.

"अरे, पण चांगलं-वाईट ठरायला पुढचे पिक्चर तरी मिळायला हवेत ना!" तो उसळला. "युद्धानंतर कम्युनिस्ट आले, ही नकोशी झाली. १९४९ मध्ये शेवटचा सिनेमा. १९५१ मध्ये देश सोडून पळाली. ब्राझीलमध्ये साव पावलोत हॅटचं दुकान टाकलं, १९६८ मध्ये न्यूयॉर्कला गेली, तिथेही हॅटच. चाळिशीत संपलं सगळं."

"आणि सत्तरीला बुडापेस्टहून आमंत्रण आलं," अप्पा म्हणाले, "तर स्वतः गेली नाही. एक हॅट पाठवून दिली."

"नखरा!"

"ज्यांनी हाकललं त्यांच्या हातचे हार घ्यायचे?"

"पण शेवटी गेलीच ना परत?"

"गेली," अप्पा म्हणाले. "१९९० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला वारली. दफन बुडापेस्टला."

बंड्याने रिकामा ग्लास उगाच फिरवला. मग मिल्याला म्हणाला, "लिंक टाक ग्रुपवर. सबटायटल असलेली."